आधी नाव घ्या, मग सुई

आमच्या सिस्टरांबरोबर लग्नाला जाणं ही शिक्षाच असायची. बाकीच्या बायका पैठण्या बघत, दागिने बघत, नवरा नवरीला शोभतो का यावर कुजबुजत. सिस्टर पाय बघत. पंगतीत एखाद्या मावशींच्या पायावर चपलेच्या पट्ट्याचा वळ उठलेला दिसला की त्यांचं जिलेबीवरचं लक्ष उडे.

"ती बघ. सकाळी चप्पल सैल असणार, आता रुतलीये. चालताना धापही लागत होती. जा, विचारून ये, झोपताना उशा किती घेते."

"सिस्टर, अहो, ओळख ना देख, उशा काय विचारू?"

"मग ओळख काढ. तू सटाण्याची, तीही कुठली तरी असेलच की."

मी पदराशी चाळा करत उठेपर्यंत त्याच उठून गेलेल्या असत. थोड्या वेळाने परत येत आणि कोमट झालेल्या मठ्ठ्याचा घोट घेऊन सांगत, "तीन उशा. आडवं झालं की गुदमरतं. हृदयाचं दिसतंय. सोमवारी ओपीडीला येते म्हणालीये." मी विचारे, "आणि ओळख काय सांगितलीत?" तर म्हणत, "मुलाकडची." आम्ही मुलीकडचे असायचो.

नाशिकमधल्या एका धर्मादाय हॉस्पिटलात मी नर्स म्हणून लागले तेव्हा सिस्टर तिथल्या बायकांच्या वॉर्डच्या इन्चार्ज होत्या. ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, आवाज असा की शेवटच्या पलंगावरच्या नातेवाइकानेही तंबाखू खिशात ठेवावी. गणवेश बदलून आम्ही सगळ्या सुटसुटीत कुडता-पायजम्यावर आलो तरी यांची कडक इस्त्रीची पांढरी साडी गेली नाही, आणि छातीवर उलटं लावलेलं घड्याळही गेलं नाही. भाऊ एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होता, त्याच्याकडे राहत. तिथून सिटी बसने येत आणि बसायला जागा असली तरी उभ्याने येत, कारण बसलं की समोरच्यांच्या छात्या दिसत नाहीत. बसमधल्या माणसांचे श्वास मोजत मोजत त्या द्वारका चौकापर्यंत पोचत. एका कंडक्टरला त्यांनी तिकीट घेता घेता सांगितलं होतं, "तुमचे श्वास जास्त आहेत, छातीचा फोटो काढा." त्याला टीबी निघाला. बरा झाल्यावर तो दर दिवाळीला चिवडा घेऊन वॉर्डात यायचा.

श्वास हा त्यांचा हळवा विषय. नव्या मुलींनी भरलेल्या तक्त्यांत प्रत्येक पेशंटचे श्वास वीसच असत. ते बघून सिस्टर विचारत, "अख्खा वॉर्ड एकाच भात्यावर चालतो काय गं?" मग शिकवत. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. पेशंटला वाटतं अजून नाडीच चाललीये, आपण मात्र नजर छातीवर न्यायची. श्वास मोजतायत असं कळलं की माणूस लगेच सभ्य श्वास घ्यायला लागतो, आणि सभ्य श्वासाचा आपल्याला काही उपयोग नाही. हे मी आज माझ्या वॉर्डातल्या मुलींना शिकवते तेव्हा माझा आवाजही त्यांच्यासारखा चढतो, असं म्हणतात.

त्यांचा क्रम ठरलेला होता. आधी बघ, मग विचार, मग हात लाव, मग कानाला नळी लाव, आणि मशीन सगळ्यात शेवटी. मशीनवर त्यांचा राग नव्हता, पण वॉर्डात शिरल्या शिरल्या जी मुलगी आधी मशीनच्या आकड्याकडे बघे तिच्याशी त्या दुपारपर्यंत बोलत नसत.

शिकवायची पद्धतही जगावेगळी. रिकामा पलंग मिळाला की त्या त्याच्यावर आडव्या होत आणि पेशंट बनत. लासलगावचा कांदा व्यापारी हा त्यांचा गाजलेला प्रयोग. एक हात जबड्यावर, कपाळावर ग्लासातलं पाणी शिंपडून घाम आणलेला, आणि तोंडाने एकसारखं, "काय नाय हो बाई, गॅस झालाय. सोडा प्यालो की मोकळं वाटंल. मला लिलावाला जायचंय." समोरची मुलगी त्या शब्दाला भुलून "गॅसची गोळी देते" म्हणाली, की सिस्टर तिथल्या तिथे हार्ट अटॅकने मरत. जीभ बाहेर, डोळे पांढरे. आणि एकदा मेल्या की सहजासहजी उठत नसत. नव्याच लागलेल्या एका आयाबाईंनी ते बघून अशी किंकाळी फोडली की ऑपरेशन थिएटरमधून डॉक्टर धावत आले. प्रेत उठून बसलं आणि म्हणालं, "आरडाओरडा नंतर. आधी माझी नाडी बघायची होती."

नातेवाइकांचं आणि त्यांचं मात्र कधी जमलं नाही. आपल्याकडे पेशंटला प्रश्न विचारला की उत्तर सासू देते, सासू नसेल तर दीर देतो, आणि पेशंट छताकडे बघत पडलेली असते. सिस्टर भांडत नसत. "दादा, तुम्ही दणकट दिसता, तेवढं स्टूल पार त्या टोकाला नेऊन ठेवता का?" दादा खूश होऊन स्टूल उचलत. तोपर्यंत सिस्टरांनी पेशंटच्या कानाशी वाकून जे विचारायचं ते विचारलेलं असे. आमचं ते लोखंडी स्टूल दिवसभर या टोकाकडून त्या टोकाला जात असे, आणि त्याच्यावर कोणी बसल्याचं मला आठवत नाही.

पण नाव झालं ते उखाण्यांमुळे.

आमच्याकडे येणाऱ्या बायका दिंडोरी, कळवण, निफाड, चांदवड भागातल्या, बहुतेक उतारवयाच्या. त्यांना पूर्ण नाव विचारलं की स्वतःचं नाव सांगतात आणि तिथेच गाडी अडते. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं कसं? "कागदावर हाय ना बाई," म्हणून पदरात तोंड लपवतात. मग घाईतली नर्स काय करते? कागदावरचं नाव स्वतःच वाचते, "अमुक अमुकच ना तुम्ही?" आणि बाई मान हलवते. सिस्टरांच्या मते सगळे घोटाळे या हललेल्या मानेत होते. "गावाकडची बाई पांढरे कपडे बघितले की कशालाही हो म्हणते. दुखतंय ना? हो. थांबलं ना? हो. या हॉस्पिटलची मालकीण तूच ना? हो!" मान म्हणजे नाव नव्हे, हे त्या आम्हाला उठता-बसता ऐकवत.

तेव्हा त्यांनी यातून आपला मार्ग काढला. जे नाव सरळ घ्यायचं नाही ते उखाण्यात घ्यायला तर कुठल्याच बाईची ना नसते. इंजेक्शन असो, रक्त असो, ऑपरेशनला न्यायचं असो, पलंगाशी उभ्या राहून त्या कमरेवर हात ठेवत. "आधी नाव घ्या, मग सुई." बाई लाजे, शेजारची डिवचे, आणि दुखण्याने पिवळी पडलेली एखादी आजी लग्नातला उखाणा खणखणीत म्हणून टाके. नाव कागदाशी जुळलं की सिस्टर म्हणत, "वा! टोचा." तरुण मुली नवऱ्याला नावानेच हाक मारतात, त्यांना उखाण्याची गरज नव्हती, पण हौस त्यांनाच जास्त. मोबाइलवरून वाचलेला उखाणा मात्र सिस्टर बाद ठरवत. नवरा गेलेल्या बाईला त्या चुकूनही उखाणा विचारत नसत. तिला भरती करतानाच तिच्या आईचं नाव लिहून घेतलेलं असे, आणि औषध देताना तेच विचारत, शेजारी बसून, हळू आवाजात. कित्येक जणी आईचं नाव सांगताना रडत. सिस्टर तेवढा वेळ थांबत.

मला सुरुवातीला या सगळ्याची भयंकर लाज वाटायची. नर्सिंगच्या कॉलेजात इंग्रजीतून शिकून आलेली मी, आणि इथे हे. माझ्यापेक्षा जास्त लाज आमच्या व्यवस्थापक साहेबांना वाटायची. माणूस वाईट नव्हता, टापटिपीचा होता. एकदा मोठे देणगीदार वॉर्ड बघायला आले आणि नेमका त्याच वेळी उखाण्यावर हास्याचा स्फोट झाला. साहेबांनी सिस्टरांना बाजूला घेतलं. "हे हॉस्पिटल आहे की हळदीकुंकू?"

सिस्टर म्हणाल्या, "हळदीकुंकवातसुद्धा कोणाला कुंकू लावतोय ते बघून लावतात, साहेब."

त्यानंतर दोघांचं जे बिनसलं ते बिनसलंच. सिस्टर दिवाळीनंतर निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी बाहेरून कुणी 'स्मार्ट' बाई आणायच्या असं साहेबांनी जाहीर बोलून दाखवलं होतं. त्यातच हॉस्पिटलला दर्जाचं प्रमाणपत्र मिळावं म्हणून तपासणी ठरली. साहेबांनी सगळ्या वॉर्डांना बजावलं, "तपासणीच्या दिवशी उखाणे बंद. आणि पुढेही बंदच. नाव विचारा, कागद बघा, काम करा." मनगटाला बांधायच्या नावाच्या पट्ट्या मागवल्या होत्या, त्या यायच्या होत्या. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "मी गेल्यावर हे आपोआपच बंद होणार आहे. तुम्ही उगाच घाई करताय." त्यांचा चेहरा त्या दिवशी उतरलेला बघितला आणि मला लाजेऐवजी पहिल्यांदा राग आला.

महिनाभर माझी ड्यूटी पुरुषांच्या वॉर्डात होती; तपासणीच्या दिवशी ऐन वेळी मला परत बायकांच्या वॉर्डात पाठवलं, कारण तिथे हात कमी होते. त्या वॉर्डात तेव्हा दोन मंदाबाई होत्या. एक लासलगावच्या, यजमान मार्केट यार्डात तोलाईच्या कामाला. अंगावरून फार जाऊन जाऊन रक्त अगदी कमी झालेलं, ते चढवल्याशिवाय ऑपरेशन होणार नव्हतं. दुसऱ्या वणीच्या. पित्ताशयाच्या खड्यांसाठी आलेल्या, कानाने जरा कमी, आवाजाने भरपूर. आडनाव दोघींचं एकच. त्यामुळे "तू माझ्याच नावाची" करत दोघींचं असं मेतकूट जमलं होतं की एकीच्या डब्यातली भाजी दुसरीच्या ताटात.

पुढचं मला त्या वेळी माहीत नव्हतं, पण इथे आधीच सांगून टाकते. आमच्या वॉर्डात पलंगांच्या दोन रांगा, एकीच्या उशा उत्तरेच्या भिंतीला, दुसरीच्या दक्षिणेच्या. लासलगावच्या मंदाबाईंची सासू सकाळी आली आणि सुनेची उशी उत्तरेला बघून कपाळावर हात मारून घेतला. उत्तरेला डोकं मेलेल्या माणसाचं करतात, माझी सून अजून जिती हाय म्हणाली. समोरच्या रांगेतल्या वणीच्या मंदाबाई उठल्या. "त्यात काय एवढं? ये तू हिकडं, मी जाते तिकडं. मला समद्या दिशा सारख्याच, देवी चारी बाजूंनी बघती." वॉर्डातल्या मुली चादरी बदलण्यात, खिडक्या पुसण्यात गुंतलेल्या. दोघी आपापल्या पिशव्या घेऊन इकडच्या तिकडे गेल्या आणि निवांत झोपल्या. केसपेपर मात्र पलंगाच्या पायथ्याला अडकवलेले होते, ते जिथल्या तिथे राहिले.

दुपारच्या जेवणाआधी रक्ताची पिशवी आली. सिस्टरांना ऑफिसात बसवून ठेवलं होतं, कागदपत्रं दाखवायला. वॉर्डात तपासणीला आलेल्या बाई उभ्या होत्या, नर्सिंगच्या निवृत्त प्राचार्या, करड्या केसांच्या, आणि त्यांच्या शेजारी आमचे व्यवस्थापक साहेब. मी आणि पुरुषांच्या वॉर्डातूनच माझ्याबरोबर आलेली एक जुनी सहकारी, दोघींनी नियमाप्रमाणे पिशवी तपासली. पिशवीवरचा नंबर, रक्तगट, मुदत, नाव. सगळं पलंगावरच्या केसपेपरशी अक्षरन् अक्षर जुळलं. प्राचार्याबाईंनी मान डोलावली. साहेब खुलले.

माझ्या सहकारीने विचारलं, "मावशी, नाव काय तुमचं?"

"मंदाबाई."

"पूर्ण नाव?"

मावशी लाजल्या. "हाय की कागदावर."

"मंदाबाई एकनाथच ना?"

पंखा घरघरत होता, समोर साहेबलोक उभे होते. मावशींनी मान हलवली.

सहकारीने माझ्याकडे बघितलं, म्हणजे चल, लाव. रक्तासाठी जाड सुई लागते, ती माझ्या हातात होती. मी त्यांचा हात हातात घेतला, तळवा वर केला आणि तिथेच थबकले. तळवा लाल होता. कष्टाचा, भेगाळलेला, पण लाल. कागदावर लिहिलेलं रक्त एवढं कमी होतं की तो तळवा कागदासारखा पांढरा असायला हवा होता. आधी बघ. मी त्यांची खालची पापणी ओढून बघितली. आतून छान गुलाबी. नखं बघितली. तीही गुलाबी.

"काय झालं?" सहकारीने हळूच विचारलं.

"या पांढऱ्या नाहीयेत."

"अगं, खिडकीतून ऊन येतंय, त्याने वाटतं तसं. सगळं जुळलंय. चल."

साहेबांनी घसा साफ केला. माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. घरी सटाण्याला आई माझ्या पगारावर होती. उन्हामुळेही तसं वाटत असेल, हे माझं मलाही वाटत होतं. आणि चुकीचं रक्त शिरेतून गेलं तर थोडंसंच पुरतं, हेही मला माहीत होतं. आधी हुडहुडी, मग कंबर धरून ओरडणं, मग मूत्रपिंड बंद, आणि मग माणूस हातातून जातं. मी सुई तबकात ठेवली. मावशींच्या कानाशी वाकले आणि शक्य तेवढ्या मोठ्याने म्हणाले,

"मावशी, उखाणा घ्या!"

"सिस्टर!" साहेब माझ्यावर कडाडले. "काय सांगितलं होतं मी?"

मी मागे वळून बघितलंच नाही. मावशींना मात्र माझं बोलणं नीट ऐकू आलं होतं आणि त्यांचा चेहरा फुलला होता. इतका वेळ त्यांना कोणी त्यांच्या आवडीचं काही विचारलंच नव्हतं. उठून बसल्या, पदर सारखा केला, आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या त्या दांडग्या आवाजात म्हणाल्या,

"वणीच्या गडावर निशाण लागलं डोलू,
निवृत्तीरावांचं नाव घेते, सुई हळू टोच गं, नको लय बोलू!"

वॉर्ड खदखदून हसला. मी आणि माझी सहकारी हसलो नाही. आमच्या हातातल्या केसपेपरवर एकनाथ होतं.

तेवढ्यात समोरच्या पलंगावरून एक बारीक आवाज आला. "ओ बाई, एकनाथ एकनाथ काय म्हणताय तिकडं? ते तर आमचे हायेत." चादरीवर एक हात होता. आमच्या रांगेतूनसुद्धा दिसत होतं, तो मेणासारखा पांढरा होता. आणि त्याच्याशेजारी बसलेली सासू अभिमानाने सांगू लागली की उत्तर-दक्षिणेचा घोळ आपण सकाळीच कसा निस्तरला.

मी पिशवीचं तबक दोन्ही हातांनी धरून टेबलावर नेऊन ठेवलं. मग मी त्या कोणी न बसलेल्या स्टुलावर बसले. वणीच्या मावशींचा गट 'ओ' होता. पिशवी 'बी'ची होती.

सिस्टर आल्या त्या ऑफिसातून जवळजवळ पळतच. त्यांनी 'कोणी केलं' असं विचारलं नाही. पहिला प्रश्न, "पलंग कधी बदलले? आणि तेव्हापासून आत्तापर्यंत कोणाला काय काय दिलं?" सुदैवाने चहा आणि थर्मामीटर याखेरीज काही दिलेलं नव्हतं. तरी त्यांनी दोन्ही मंदाबाईंना डोक्यापासून पायापर्यंत स्वतः तपासलं, नाडी धरली, मनगट न सोडता छातीकडे बघितलं. डॉक्टरांना बोलावून सगळं सांगितलं. गटाचा नमुना पुन्हा काढायला लावला. रक्तपेढीचं उत्तर आलं, पिशवी नंबरासकट पुन्हा तपासून झाली, तेव्हा कुठे सिस्टर लासलगावच्या मंदाबाईंच्या पलंगाशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मागे साहेब उभे होते, प्राचार्याबाई उभ्या होत्या.

"हं. आधी नाव घ्या."

मंदाबाईंना बोलायला धाप लागत होती. तरी त्या म्हणाल्या, थांबत थांबत,

"लासलगावच्या लिलावात कांद्याला चढला भाव,
पिशवी माझीच हाय बाई, एकनाथराव धन्याचं नाव."

"वा!" सिस्टर म्हणाल्या. "टोचा."

मी टोचलं. माझा हात तेव्हा अजिबात हलला नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

रक्त सुरू झाल्यावर पहिला पाव तास सिस्टर तिथून हलल्या नाहीत. तेवढ्यात साहेब वाकून हळूच म्हणाले, "हे आपण आपल्यातच ठेवू. सुदैवाने काही झालेलं नाही." सिस्टरांनी मंदाबाईंच्या मनगटावरचा हात न काढता प्राचार्याबाईंना हाक मारली. "मॅडम, लिहून घ्या. आमच्या वॉर्डात पेशंटनी पलंग बदलले आणि आम्हाला कळलं नाही. कागद कागदाशी जुळवला, माणसाशी जुळवायचा राहत होता. हा दोष आमच्या व्यवस्थेचा आहे. आणि हेही लिहा, की आमच्याच मुलीने तळवा बघून तो पकडला."

प्राचार्याबाई म्हणाल्या, "तपासणीला मी पुष्कळ हॉस्पिटलं फिरते. 'आमच्याकडे चुका होतच नाहीत' असं सगळे सांगतात. चूक रंगेहाथ पकडून हातात देणारं हे पहिलंच." आणि त्या चष्मा पुसून खरंच लिहायला बसल्या.

प्रमाणपत्र मिळालं. शेऱ्यात आमच्या वॉर्डचं वेगळं कौतुक होतं. साहेबांनी बाहेरून बाई आणायचा विषय सोडला, आपला हुकूम मागे घेतला, आणि माणूस टापटिपीचा असल्यामुळे नवा हुकूम छान टाइप करून लावला, की मनगटाला पट्टी असली तरी पेशंटच्या तोंडून नाव घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही. पुढच्याच वर्षी त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन आमच्याकडे झालं. थिएटरच्या दारात ट्रॉली अडवून मुलींनी त्यांना नाव घ्यायला लावलं. हिरव्या टोपीतल्या साहेबांनी कानाच्या पाळ्या लाल करून, छताकडे बघत बायकोचं नाव घेतलं. यमक जुळलं नव्हतं, पण मुलींनी चालवून घेतलं.

तपासणीच्या त्या दिवशी संध्याकाळी चार-पाचच्या सुमारास वॉर्डात चहा आला. लासलगावच्या मंदाबाईंच्या ओठांवर थोडा रंग आला होता. सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून तो दाखवत होती. बायकांना आता सगळी हकीकत कळली होती आणि वॉर्डाला लग्नघराची कळा आली होती. जो तो मला बघायला येत होता. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. वणीच्या मंदाबाई पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या. बशीतला चहा संपवून त्या एकदम गरजल्या,

"सिस्टर! समद्यांची नावं घेऊन झाली. आता तुमी घ्या की. तुमच्या मालकांचं!"

सिस्टरांनी लग्न केलेलं नव्हतं. घरच्या जबाबदाऱ्यांत राहून गेलं, एवढंच आम्हाला माहीत होतं, आणि तो विषय त्यांच्यासमोर कोणी काढत नसे. मी मावशींना डोळ्यांनी खुणावलं. त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून त्या आणखी मोठ्याने म्हणाल्या, "घ्या की वो सिस्टर, लाजताय कशाला!"

सिस्टरांनी हातातला कप खाली ठेवला. मला वाटलं आता काहीतरी काम काढून आत जातील. पण त्या वॉर्डाच्या मध्यभागी जाऊन उभ्या राहिल्या. तो पांढरा कडक पदर त्यांनी खांद्यावरून पुढे घेतला, नव्या नवरीसारखा. गालावर खरोखरीची लाली आली होती. माझ्याकडे बघितलं आणि आपल्या वॉर्डभर घुमणाऱ्या आवाजात त्यांनी उखाणा घेतला. इतकी वर्षं घ्यायला लावली दुसऱ्यांना नावं, अशी पहिली ओळ होती. आणि दुसरी होती, अमकीचं नाव घेते, हिच्या हाती वॉर्ड सोपवून बिनघोर जावं.

ती अमकी म्हणजे मी. सिस्टरांनी माझं नाव घेतलं. पूर्ण घेतलं, वडिलांच्या नावासकट.